सिस्टर, आधी रजिस्टर उघडा

पत्र:

ताई नमस्कार, मी इंदूरला खंडवा रोडवरच्या एका खासगी कॉलेजमधे हेल्थ सेंटरला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, आधी हॉस्पिटलला होते, मग मुलगा लहान म्हणून नाइट ड्यूटी झेपेना आणि इकडे आले. डॉक्टर सर दुपारी दोन तास येतात, बाकी दिवसभर मी आणि एक मदतनीस बाई. ट्रेनिंगचं विचारलं तर ऑफिसमधून उत्तर आलं, "सिस्टर, आपको क्या ट्रेनिंग, बीपी देखो और गोली दो." माझ्या बॅचच्या मैत्रिणी आयसीयूत इन्चार्ज झाल्या आणि मी इथे गंजतेय. ग्रुपवर वेबिनारच्या लिंक येतात, सर्टिफिकेटं बरीच जमवली, फरक शून्य. सध्या फर्स्ट इयरची एक मुलगी सारखी डोकं दुखतंय म्हणून येते, गोळी घेते आणि नुसती बसून राहते, उठतच नाही. काहीतरी आहे हे मला कळतं, पण काय विचारायचं आणि तिने काही भलतंच सांगितलं तर पुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलेलंच नाही. कुठला कोर्स करू? की सरळ हॉस्पिटलला परत जाऊ? आणि अजून एक, हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडम आमचं रजिस्टर बघायला मागतात, द्यायचं का?
– एक सिस्टर, इंदूर

उत्तर:

अहो सिस्टर, कोर्सचं सांगते, हॉस्पिटलचंही सांगते, पण आधी ती मुलगी. ती पुढच्या वेळी आली की बाईंना जरा बाहेर बसायला सांगा, दार लोटा, बीपी घ्या, डोळ्यांच्या नंबरचं विचारा (खरंच नुसता चष्मा लागलेला असू शकतो, सगळंच मनाचं असतं असं नाही) आणि मग विचारा की डोकं दुखायला लागतं तेव्हा काय चाललेलं असतं, झोप कशी आहे, मेसचं जेवण जातंय का, घरी बोलणं होतं का. एवढं विचारून गप्प बसा. आपल्याला नर्सिंगमधे सारखं हात चालवायची सवय असते ना, त्यामुळे हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. बोलण्यातून वाटलं की पोरगी फारच खचलीय, तर आडवळणं न घेता तिच्या भाषेत विचारा, "कभी ऐसा लगता है कि जीना ही नहीं है?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही आपल्याकडची जुनी भीती आहे, ती खरी नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं पोरांना. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, डॉक्टर सरांना लगेच फोन, टेली-मानसचा १४४१६ तिच्यासमोरच लावायचा (केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, हिंदीत बोलतात), तिच्या जवळचं कोण ते तिलाच विचारून बोलवायचं, आणि काही करायचं ठरवलंय असं वाटलं तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट, कोणीच मिळालं नाही तर सरळ एमवाय म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, बरोबर माणूस देऊन. तुम्ही विचारलंत ना, तिने भलतंच सांगितलं तर पुढे काय, तर पुढे एवढंच. तिचा आजार तुम्हाला बरा करायचा नाहीये, तिला योग्य माणसापर्यंत पोचवायचंय.

आता गंजण्याचं. मैत्रिणी इन्चार्ज झाल्या, छानच, पण त्यांच्याकडे मॉनिटर ओरडून सांगतो काय बिघडलंय आणि ड्यूटी डॉक्टर हाकेवर असतो. तुमच्याकडे अठरा-एकोणीसचं धडधाकट दिसणारं पोर येतं, सांगतं एक, असतं दुसरंच, आणि त्या खोलीत ठरवायला तुम्ही एकट्या. हे काम खालच्या दर्जाचं नाही हो, वेगळं आहे. अमेरिकेत ॲमहर्स्ट कॉलेजमधे डॉ. एडवर्ड हिचकॉक म्हणून होते, १८६१ पासून त्यांचं कामच विद्यार्थ्यांची तब्येत आणि व्यायाम बघणं, आणि हा माणूस पोरांची उंची, वजन, छाती मोजमोजून वर्षानुवर्षं लिहून ठेवायचा. पुढे १९२० मधे तिथल्या कॉलेज हेल्थवाल्यांनी आपली स्वतंत्र संघटनाच काढली, अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन, डॉक्टर, नर्स, कौन्सेलर सगळे त्यात, दरवर्षी भेटतात आणि एकमेकांकडून शिकतात. आपल्याकडे हेल्थ सेंटर म्हणजे एक कॉट, एक बीपी मशीन आणि कोपऱ्यात हवा गेलेली व्हीलचेअर, म्हणून ऑफिसला वाटतं की इथे काय शिकायचं असतं.

त्या हिचकॉकचं मी उगाच नाही सांगितलं. तुमच्याकडेही लिहून ठेवलेलं आहेच की, ते रजिस्टर. वेबिनारांनी फरक का पडला नाही, तर विषय ठरवणाऱ्याला तुमच्या दारात कोण येतं हे माहीतच नव्हतं, आज डायबेटिक फूट, उद्या व्हेंटिलेटर केअर, तुमच्या काय कामाचं ते. तर एखादी निवांत दुपार बघून गेल्या वर्षाचं रजिस्टर घ्या, कोरा कागद घ्या आणि पाच-पाचच्या काड्या मारत बसा. तक्रार काय, कुठल्या वर्षाचा विद्यार्थी, हॉस्टेलचा की घरून येणारा, किती वाजता आला, आणि तेच नाव परत कितीदा आलं. हे शेवटचं नीट बघा, कारण रजिस्टरमधे "सरदर्द – पीसीएम १" (म्हणजे पॅरासिटामॉलची एक गोळी) अशी एकच ओळ असते, तारीख बदलते फक्त, आणि रोज लिहिताना लक्षात येत नाही, पण पानं एका बसणीत उलटली की त्याच नावाची, त्याच पीसीएमची रांग दिसते आणि मधेच एका ओळीत "घबराहट" लिहिलेलं असतं. त्या रांगांतली नावं म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. तुमच्या त्या मुलीचं नाव किती ओळीत आहे तेही कळेल.

बाकी काय निघेल ते मी न बघताही थोडंफार सांगू शकते. पावसाळ्यानंतरचा ताप निघेल, म्हणजे डेंग्यू शिकायचा, आणि त्यात मुख्य हे की ताप उतरला की पोरं "अब ठीक हूँ" म्हणून निघून जातात पण धोक्याचा काळ नेमका ताप उतरतानाच सुरू होतो, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती, यातलं काही असेल तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटलला पाठवायचं, आणि तोवर तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन-कॉम्बिफ्लामला हात लावायचा नाही. सकाळच्या लेक्चरला चक्कर येऊन पडणाऱ्या मुली निघतील, तिथे ग्लुकोज पाजून पाठवण्यापेक्षा कधी जेवलीस ते विचारायचं आणि हिमोग्लोबिन करून घ्यायचं, १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि पाळीत किती जातं तेही विचारायचं. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगाच्या मिरवणुकीनंतर) डोळ्यांत रंग गेलेले निघतील. आणि कुत्रं चावलेले तर नक्कीच, स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं नंबर एक आलेलं शहर आपलं, पण कॅम्पसची कुत्री तेवढी वेगळीच. तिथे पहिलं औषध नळ आणि साबण, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून, कोणी मिरची-हळद-चुना चोपडून आणला असेल तर तो आधी धुवायचा, मग इंजेक्शनसाठी पाठवायचं आणि पुढचे डोस झाले का याचा पाठपुरावा तुम्ही करायचा, कारण दुखायचं थांबलं की पोरं तिसऱ्या डोसला जात नाहीत. वरवरचा ओरखडा आहे, काही होत नाही असं रेबीजमधे कधीही म्हणायचं नाही.

हे सगळं माहितीये तुम्हाला, कबूल, पण माहीत असणं आणि डॉक्टर नसताना ते करायची मुभा असणं वेगळं. सर बावीस तास नसतात, त्या वेळी तुम्ही गोळी देता ती कोणाच्या जोरावर? उद्या रिॲक्शन आली तर ऑफिसवाले हात वर करणार, "सिस्टर ने अपने मन से दी." म्हणून सरांच्या त्या दोन तासांतला आठवड्यातून अर्धा तास मागून घ्या, आणि दर वेळी एक आजार घेऊन एका पानावर स्टँडिंग ऑर्डर लिहून घ्या, काय विचारायचं, काय तपासायचं, काय द्यायचं, किती द्यायचं, काय दिसलं की न थांबता पुढे पाठवायचं, खाली सरांची सही, शिक्का, तारीख. पहिलं पान ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीचं करा. कारण तिथे फोन लागायची वाट बघता येत नाही, ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० च्या ॲम्प्युलमधला अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच, आणि बरेच जण अजूनही आधी ॲलर्जीचं ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन भरत बसतात. मग दमा, फिट, पाळीचं दुखणं, ताप. सरांनाही बरं वाटेल बघा, ते दोन तास मोबाइल बघण्यात जातात असं तुम्ही लिहिलं नाहीये पण मला अंदाज आहे. माझ्या मते हेच तुमचं सगळ्यात मोठं ट्रेनिंग, फुकटचं, आणि सहा महिन्यांनी हातात एक फाइल असेल जी कॉलेजमधे कोणाकडेच नाही.

कोर्सेस. सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबणं आणि श्वास देणं) पहिला, आणि तो व्हिडिओ बघून येत नाही, मॅनिकिनवर घाम निघेपर्यंत दाबावं लागतं, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, तीस दाबले की दोन श्वास. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) करा, कार्ड दोन वर्षं चालतं, म्हणजे दर दोन वर्षांनी उजळणी आपोआप होते. मनाच्या बाजूला सायकॉलॉजिकल फर्स्ट एडपासून सुरुवात करा, डब्ल्यूएचओची २०११ ची गाइड फुकट मिळते, बघा, ऐका, जोडून द्या एवढाच तिचा गाभा आहे आणि नर्सला तो पटकन कळतो. त्यापुढे जायचं असेल तर बेंगळुरूच्या निमहान्सची (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) डिजिटल अकॅडमी बघा, नर्सेससाठीही आहे त्यांच्याकडे, घरबसल्या, आणि त्यात केसवर चर्चा होते, नुसती स्लाइड नाही. आणि कुठलंही सर्टिफिकेट घ्यायच्या आधी क्रेडिट आवर्स कुठल्या नर्सिंग कौन्सिलचे ते विचारा, रजिस्ट्रेशन तुमचं भोपाळच्या कौन्सिलला आहे, तिथे चालत नसेल तर तो कागद भिंतीला लावायच्या कामाचा.

एक मात्र करू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली शिकलात, हिंदीत मिळते, नऊ प्रश्न, सोपं आहे, की लगेच अख्ख्या हॉस्टेलला वाटू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. चाळीस कागद भरून आले, त्यात चौघींनी नवव्यावर खूण केली आणि तुम्ही ते कागद सोमवारी बघितले तर? कौन्सेलर कोण, सायकियाट्रिस्ट कोण, रात्री कोण, हे ठरल्याशिवाय नाही. मोजायचा उत्साह बऱ्याच कॉलेजांत असतो, पुढची सोय नसते.

अजून एक विषय आहे ज्याचं वेबिनार कोणी ठेवत नाही. पाळी चुकलीय म्हणून मुलगी येते, किंवा कालच्या रात्रीबद्दल विचारायला येते, नजर खाली. इथे पहिलं शिकायचं ते चेहऱ्यावर काही येऊ न देणं, आरशासमोर प्रॅक्टिस करा हवं तर, मी चेष्टा करत नाहीये. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी, हे माहीत हवं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला बदल झाला, लग्न न झालेल्या मुलीलाही तो हक्क आहे, सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते, आईबापांची सही नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण फर्स्ट इयरला काही जणी सतराच्या असतात, तिथे २०१२ चा पॉक्सो (अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा) कायदा येतो आणि कळवणं सक्तीचं होतं, म्हणून वय आधी विचारायचं आणि "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन घाईत द्यायचं नाही. हे डॉक्टर सरांबरोबर बसून आधीच बोलून ठेवा, मुलगी समोर रडत असताना कायदा आठवत नाही.

ऑफिसचं "आपको क्या ट्रेनिंग" याला आता उत्तर आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या केसमधे, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या मुलीचा मृत्यू झाला त्या प्रकरणात, सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिलेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक क्वालिफाइड कौन्सेलर, टीचिंग आणि नॉन-टीचिंग सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग, त्यात सायकॉलॉजिकल फर्स्ट एड आणि धोक्याची लक्षणं ओळखणं, आणि टेली-मानससारखे हेल्पलाइन नंबर हॉस्टेलला, वर्गात मोठ्या अक्षरात. कोचिंग सेंटरनाही लागू आहे, म्हणजे आपल्या कोचिंगवाल्या भंवरकुआँला हे कितपत झालंय ते जाऊन बघण्यासारखं आहे, पण ते नंतर. तुम्ही काय करा, भांडायला जाऊ नका, अर्धा पान हिंदीत अर्ज लिहा, वर रजिस्टरचे आकडे (नावं नाही हां, नुसते आकडे), मधे कोर्टाचा निर्देश तारखेसकट, खाली दोनच मागण्या. एक, मला बीएलएससाठी दोन दिवस आणि फी. दोन, सेमिस्टर परीक्षेच्या आधी सगळ्यांचं एक ट्रेनिंग. त्या "सगळ्यांत" वॉर्डन, गार्ड, बस ड्रायव्हर, मेसवाले भैया आणि तुमच्या मदतनीस बाई हवेतच, कारण रात्री अकराला पोरगी गच्चीवर रडत बसलेली दिसते ती गार्डला, तुम्हाला नाही, तुम्ही तेव्हा घरी पोळ्या उरकून मुलाचा गृहपाठ घेत असता. ॲडमिशनच्या गर्दीत अर्ज देऊ नका, कोणी वाचणार नाही. आवक-जावकचा नंबर मात्र घ्या. नाही म्हणाले तरी निदान लेखी मागितलं होतं हे राहतं.

हॉस्पिटलला परत जायचं का? पगारासाठी जायचं असेल तर खुशाल जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कॉलेजवाले सिस्टरला काय देतात ते मला माहितीये. हाताची सवय जाईल या भीतीने जात असाल तर त्याला दुसरा उपाय आहे, ओळखीच्या हॉस्पिटलला रीतसर परवानगी घेऊन महिन्यातला एखादा शनिवार कॅज्युअल्टीत काढा, आयव्ही, नेब्युलायझर, फिटचा पेशंट, हात राहतो. पण मैत्रिणींसारखं इन्चार्ज म्हणवून घ्यायचं म्हणून जाणार असाल तर जरा थांबा, ती फाइल पूर्ण करा, मग ठरवा, कारण मुलगा अजून लहानच आहे आणि नाइट ड्यूटी होती तिथेच आहे.

राहिलं वॉर्डन मॅडमचं. रजिस्टर द्यायचं नाही. दाखवायचं नाही, टेबलावर उघडं ठेवून चहाला जायचं नाही, फोटो तर मुळीच काढू द्यायचा नाही. मानसिक आजारात तर मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम २३ प्रमाणे गुप्तता हा पेशंटचा हक्क आहे आणि ती पाळायची जबाबदारी नुसत्या सायकियाट्रिस्टवर नाही, सगळ्या हेल्थ प्रोफेशनल्सवर आहे, म्हणजे तुमच्यावरही. जिवाला धोका असेल तर सांगता येतं, पण ज्याला सांगणं गरजेचं त्यालाच, आणि गरजेपुरतं. वॉर्डन मॅडमना वाईट वाटू न देता म्हणा, "मॅडम, किसी बच्ची को रात में देखने की ज़रूरत होगी तो मैं खुद आपको बता दूँगी, रजिस्टर डॉक्टर साहब के ताबे में है." सरांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे ते फोनवर "दे दो सिस्टर, क्या है उसमें" म्हणणार नाहीत. एक काचेचं दार असलेलं कपाट असतं ना हेल्थ सेंटरला, त्यातलं रजिस्टर काढून कुलपाच्या ड्रॉवरमधे टाका आणि किल्ली बाईंकडेही देऊ नका. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठवा, हिंदी बघून देते.